खुंटीवरचा तवा

मालवण
१२ जुलै २०२५

मोनाक्का,

पत्र बघून घाबरू नकोस, मी मेलो न्हाय. मोबाईल मेलाय. होडीला रंग लावताना वरच्या खिशातनं सुटला तो सरळ खाडीत. हितं आता मासेमारी बंद हाय, होड्या वर ओढून ठेवल्यात आणि मी त्या रंगवतो. एका कानाचा एक कुत्रा दिवसभर शेजारी बसून माझं काम बघतो. त्याचं नाव मी मुकादम ठेवलंय. रंग सांडला की भुंकतो. खरंच भुंकतो, आक्का. काल मालक बोलला, "रे, कुत्र्याक कळता तां तुका कळत नाय."

तर ते जाऊंदे. मुद्दा वेगळा हाय.

मोबाईल बुडायच्या आधी आण्णांच्या कंपनीतल्या कृष्णातचा मेसेज आलता. 'आण्णांनी हाताखाली नवीन माणूस घेतलाय. रोज स्वतः शिकवत्यात.' नि पुढं दात काढलेला चेहरा. एवढंच. परत मेसेज करून इचारणार तोवर मोबाईल पाण्यात.

कोण गं ते? आण्णा कुणाला शिकवत न्हाईत. सगळ्या शिरोली एमआयडीसीला म्हायती हाय. आयुष्यभर लोखंड ओतायच्या फौंड्रीत वाळूचे साचे केले, पण कुणी शेजारी उभा राह्यला की पाठ करून बसायचे. एकट्या मला बघू द्यायचे. मुठीत वाळू दाबायची, मूठ उघडायची, बोटांच्या खुणा उठल्यात का बघायचं, मग मधोमध मोडायची. कडा तुटक निघाली की वाळू साच्याला चालती. हे मला त्यांनी मी चड्डीत असताना शिकवलंय, आपल्या गडमुडशिंगीच्या दारात. आयटीआय अर्धं सोडलं, अप्रेंटिसशिप सोडली, घरबी सोडलं, ते सगळं खरं हाय. पण मी त्यांचा पोरगा हाय, का न्हाय? जागा सोडली म्हणून ती काय दुसऱ्याची हुती व्हय?

आण्णांना पत्र लिहिलं तर फाडून टाकतील. आईला वाचता येत न्हाय. म्हणून तुला. तू चुलत असलीस तरी एका ताटात जेवलोय आपण. खरं सांग.

राजू

ता. क. पत्ता मागं लिहिलाय. मालकाचं नाव आधी घाल, न्हाईतर पोस्टमन पत्र मुकादमाला देईल.

•

गडमुडशिंगी
२४ जुलै २०२५

राजू,

पत्र मिळालं. काकीला वाचून दाखवलं, कुत्र्याचं तेवढं. हसली आणि मग पदर डोळ्याला लावला. आता तुझी आई म्हणजे तुला माहीत आहे.

तू विचारलंस ते सांगते. कंपनीत जुनी माणसं ह्या दोन-तीन वर्षांत एकदम बाहेर पडणार आहेत. सगळी एकाच काळात लागलेली. आणि नेमका आत्ताच मालकांनी हायवेच्या पलीकडं नवा प्लांट काढलाय. शेड उभी राहिलीय, यंत्रं यायची आहेत. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की साचा बिघडला तर का बिघडला हे ज्यांना कळतं, ती माणसं यंत्रं यायच्या आधीच घरी जाऊन बसणार. म्हणून विजयसिंह सरांना ट्रेनिंगला आणलंय. त्यांनी असं ठरवलंय की जाणाऱ्या प्रत्येक जुन्या माणसानं एकाला तयार करून जायचं, आणि निवृत्तीच्या वेळी ज्याचं नाव तो देईल त्याला नव्या प्लांटात जागा.

आण्णा आधी नाहीच म्हणाले. "मी काय मास्तर हाय व्हय?" मग तयार झाले. कुणाला घेतलंय ते विचारू नकोस. त्यांनीच बोलायचं नाही म्हणून सांगितलंय.

पण एक सांगते. शिकणाऱ्याचं काही सुखाचं नाही. साचा चांगला निघाला तर आण्णा म्हणतात, "राजूनं हे पयल्या झटक्यात केलतं." वाईट निघाला तरी तेच म्हणतात. तू देव आहेस काय तिथला, राजू, की दिवसभर तुझंच नाव? शेडमध्ये तुझी शर्ट अडकवायची खुंटी होती ना, साच्यांच्या पेट्यांजवळ? ती अजून रिकामी आहे. कुणी काही अडकवलं की आण्णा काढून खाली ठेवतात.

मी बरी आहे. माझं काम चालू आहे.

मोना

•

मालवण
६ ऑगस्ट २०२५

मोनाक्का,

कळलं. कृष्णात हाय. तू न्हाय सांगितलंस तरी कळलं.

म्हणून तो दात काढलेला चेहरा! मी इतके दिवस समजत हुतो मैत्रीत पाठवलाय. अगं, त्याचे तळहात किती घामट हायत! शाळेत त्याच्या वहीची पानं चिकटायची. त्यानं वाळू मुठीत घेतली तर तिचा चिखल हुईल. आण्णांना हे दिसत न्हाय? का मुद्दाम मला दाखवायला त्याला धरलाय?

मी त्याला कार्ड टाकलंय. पोस्टकार्डच टाकलं, पाकीट न्हाय. लिहिलंय, 'घामट्या, माझ्या बापाच्या साच्यात हात घालायच्या आधी हात पूस. पावणा हाईस तिथं, पावण्यासारखा ऱ्हा.' अजूनबी हाय थोडं, ते तुला सांगण्यासारखं न्हाय.

खुंटीचं वाचून झोप आली न्हाय. म्हंजे आली, पण उशिरा. आण्णा काढून ठेवतात म्हणालीस ते आणखी एकदा लिही. कसं काढतात? रागानं, का हळू?

नारळी पौर्णिमा आली हितं. मालक मला नव्या टीशर्टाचं बोललाय. होडी पाण्यात लोटताना मला पुढं उभं करणार हाय, कारण नाव मी रंगवलंय. 'श्री सातेरी' लिहिलंय, 'सा' जरा मोठा झालाय. मुकादमाला आवडलं.

हां, तर. तव्याचं काय? सांग मला. साचे करणारा जुना मोल्डर शेवटच्या दिवशी उरलेल्या लोखंडाच्या रसातनं बिडाचा तवा ओततो, खंडेनवमीला हत्यारांसंगं त्याची पूजा, दसऱ्याला त्यावर पयली भाकरी. आणि साच्याच्या पेटीची दुसरी कड ज्यानं धरली तोच त्याच्या हाताचा वारस, असं सगळी शेड समजती. आकारामकाकांच्या वेळी मी बघितलंय. आण्णांच्या पेटीची कड कृष्णात धरणार? तुला बरं दिसंल ते?

दसऱ्यापर्यंत मी येतोच. मग बघतो.

राजू

•

गडमुडशिंगी
१९ ऑगस्ट २०२५

राजू,

तुझं कार्ड कृष्णातला मिळालं. त्यानं कँटीनमध्ये बाकावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. लोक जेवायचे थांबले. शेवटच्या ओळीला आण्णा उठून हात धुवायला गेले. कृष्णात बिचारा पॅकिंगला आहे. त्याचा साच्याशी काही संबंध नाही. त्याला तुझा राग आला नाही, उलट कार्ड खिशात घालून फिरतोय आणि जो भेटेल त्याला म्हणतोय, "पावणं, हात पुसा आधी."

ती मी आहे, राजू.

आता ओरडून घे. मीच आण्णांच्या हाताखाली आहे. मी आत्तापर्यंत कोअर शॉपला होते, आतल्या पोकळीचे वाळूचे ठोकळे करायला, तिथं बायकाच असतात. विजयसिंह सरांनी एकदा विचारलं, इकडनं कुणाला साच्याकडं यायचंय का. मी हात वर केला. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. सर आण्णांना म्हणाले, "काका, घरातलंच माणूस आहे, सोपं जाईल." आण्णा म्हणाले, "घरातलं म्हणूनच अवघड हाय." पण घेतलं त्यांनी.

तुला आधी सांगितलं नाही कारण आण्णांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, "त्याच्या कानावर गेलं तर रागानं यील. रागानं आलेलं नको मला." म्हणजे तू यावास असं वाटतंय, पण रागानं नको. हे सगळं मनात ठेवून वाळू चाळतात.

आता माझं ऐक. माझा बाप गेल्यावर आण्णांनीच मला वाढवलं, त्यात काही कमी नाही. पण तू घर सोडून गेलास, मी राहिले. तू परीक्षा बुडवल्यास, मी दिल्या. आणि तरी माझा साचा हातात घेऊन ते तुझं नाव घेतात. परवा मी पेटी उलटली, एक कण पडला नाही. मी वाट बघत उभी. म्हणाले, "राजूचा हात आसाच चालायचा." माझा हात म्हणून म्हणायला काय झालं होतं?

तू विचारलंस खुंटीवरचं कसं काढतात. हळू काढतात. माझाच एप्रन होता.

मोना

•

मालवण
३ सप्टेंबर २०२५

आक्का,

काय लिहायचं? चार वेळा लिहिलं नि फाडलं. मुकादमानं त्यातला एक कागद खाल्ला.

तू. बरं झालं. म्हंजे बरं न्हाय झालं. कृष्णात असता तर येऊन कॉलर धरली असती. तुझं काय धरू? लहानपणी तुला वाळूत यायला बंदी, घागरा मळंल म्हणून. तू दारात उभी ऱ्हाऊन बघायचीस नि मी तुला मुद्दाम पाठ करायचो, आण्णांसारखी. तरीबी तुला सगळं दिसत हुतं म्हणायचं.

तू ऱ्हायलीस म्हणून तुला मिळालं. एवढंच हाय ते. मीबी ऱ्हायलो असतो तर मला मिळालं असतं. मला एका जागी बसलं की अंगात मुंग्या येतात, तो माझा गुन्हा हाय व्हय? आण्णांनी मला शिकवलं दारात, खेळात. तुला शिकवतात कंपनीत, सरांच्या समोर, जागेसाठी. ह्यातलं जास्त कुठलं, सांग. मला तरी सांगता यीना.

दसऱ्याला मी येत न्हाय. मालकानं होडीवर घेतलंय, म्हावऱ्याचे दिवस हायत. खरं कारण ते न्हाय, तुला कळलं असंल.

पण एक पाठवतोय. कोल्हापूरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं पिशवी दिलीया, स्टँडवर कृष्णात घेईल. (त्याला सॉरी म्हणून चिठ्ठीबी दिलीया.) त्यात वाळू हाय. मी पहाटे ओहोटीला जाऊन सगळ्यात पांढरी निवडलीया. आण्णांना म्हण, शेवटच्या तव्याच्या साच्याला आतनं ही लावा. पेटीची कड तू धर. धर बाई. पण रस माझ्या वाळूला लागूंदे. म्हंजे मीबी तिथं हुतो असं हुईल.

राजू

•

गडमुडशिंगी
३ ऑक्टोबर २०२५

राजू,

काल दसरा झाला. आपट्याची पानं ह्या पाकिटात घातलीत, काकीचं एक, माझं एक. आण्णांनी दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

परवाच्या मंगळवारी आण्णांचा शेवटचा दिवस. सगळी शेड जमली. कोअर शॉपच्या बायकाही आल्या, सर आले, कृष्णात हात पुसत पुढं येऊन उभा राहिला. आण्णांनी तव्याची पेटी मांडली आणि तुझी पिशवी सोडली.

मी वाळू हातात घेतली आणि मला दिसलं. राजू, त्यात शिंपल्याचा चुरा होता. पांढरी म्हणून निवडलीस ना, पांढरी त्यामुळंच होती. तप्त रस लागला की शिंपला भाजतो, त्यातनं हवा सुटते आणि लोखंडात भोकं पडतात. आणि वर समुद्राचं मीठ. तुला हे कळायला नको होतं? पयल्या झटक्यात करणाऱ्याला?

मी हळूच म्हणाले, "आण्णा, शिंपलं हाय ह्यात."

"म्हायती हाय."

"तवा बिघडंल."

"बिघडूंदे."

आयुष्यभर ह्या माणसानं ट्रकच्या ट्रक वाळू परत पाठवली. एका मुठीवरनं. पुरवठादार त्यांना बघून घाबरायचे. आणि तुझी वाळू त्यांनी मुठीत दाबूनसुद्धा बघितली नाही. ओंजळीनं घेतली आणि साच्याला आतनं लावली, देवाला गंध लावतात तशी. मी पेटीची कड धरली होती ना? ती धरून काय उपयोग होता सांग.

लोकांना मागं सरकायला लावलं आणि रस ओतला. साच्यानं उकळी मारली, फडफड आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. आकारामकाका म्हणाले, "आण्णा, म्हातारपणी फटाके उडवायला लागला व्हय?" गार झाल्यावर पेटी फोडली. तवा नव्हे, तुमच्या मालवणची आंबोळी. सगळी जाळीच जाळी. एकही माणूस हसलं नाही. आण्णा मात्र हसले. तवा उचलून धरला आणि भोकातनं दिव्याकडं बघितलं.

मग सर म्हणाले, पूजेला तर तवा लागणार. आण्णांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "तुझी पेटी आण." सरावासाठी मी कंपनीच्या वाळूत एक साचा सकाळी करून ठेवला होता. आण्णांनी पाहिला होता म्हणायचं. रस ओतायचा लेडल माझ्या हातात दिला, कड कुणी धरली नाही, आण्णा स्वतः बाजूला उभे राहिले. तवा निघाला. वाजवला तर घंटेसारखा वाजला. आण्णा काय म्हणतात म्हणून सगळे थांबले. ते म्हणाले, "चालंल."

चालंल!

खंडेनवमीला पूजेत माझा तवा होता. काल काकीनं त्यावर पहिली भाकरी टाकली. टम्म फुगली. आणि आण्णांनी सरांना नाव माझंच दिलं, नव्या प्लांटसाठी. महिनाभरानं सर माझी चाचणी घेणार, मग पक्कं.

तुझा तवा कुठं आहे माहीत आहे? खुंटीवर. तुझ्या. शेडमधून निघताना शेवटचं काम म्हणून आण्णांनी तो तिथं अडकवला. आता मी रोज त्याच्याकडं बघत साचे करते. आण्णा घरी गेले, तू मालवणला, आणि खुंटी अजून तुझीच. त्यांना तुझं बिघडलेलं पण चालतं, राजू. मला नुसतं चांगलं करून भागत नाही.

मोना

•

नृसिंहवाडी
९ नोव्हेंबर २०२५

आक्का,

पाकिटावरचा शिक्का बघितलास ना? व्हय, वाडीला हाय. होडी सोडली. एका नारळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. मुकादम ट्रकमागं पळत आलता, नाक्यापर्यंत. त्याचं लिहायला लागलो तर हेच पत्र भरंल.

घरी येणार हुतो. ट्रक हितं थांबला, ड्रायव्हर दर्शनाला गेला नि मी घाटावर बसलो. मग ट्रक गेला. मी बसलोच. कवठाची बर्फी खाल्ली. घर हितनं किती लांब? एसटीत डुलकी लागायच्या आत येतं. पण पाय उठंनात.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलंय की घड्या फाटल्यात. वाटलं हुतं, खुंटीचं वाचून मला बरं वाटंल. झालंबी तसं. एक दिवस. मग ध्यानात आलं. मला अडकवलं भिंतीला, तुला ठेवलं चुलीवर. तुझ्या तव्यावर आई रोज भाकरी थापती, आण्णा खातात, कडा काळ्या पडतात, घासतात, परत टाकतात. माझ्या तव्याकडं लोक बघत्यात. फोटोकडं बघत्यात तसं. फोटो कुणाचा लावत्यात सांग?

'चालंल' म्हणाले म्हणून तू रडतीयास. अगं, मला ते कधीच 'चालंल' म्हणाले न्हाईत. मी केलेलं सगळं 'भारी' हुतं. दारातल्या खेळातलं. चालंल का, हे बघायची वेळच मी आणली न्हाय. तुझा तवा वाजवून बघितला त्यांनी. माझा वाजवला?

तर हे असं. जळतोय मी. तूबी जळ, माझं काय म्हणणं न्हाय.

पाच-सहा दिवस झाले, संगमाजवळ पाण्यात उभा ऱ्हाऊन वाळू धुतोय. हितल्या धर्मशाळेच्या बाईंकडनं, अंबूबाई म्हणत्यात त्यांना, चाळणी मागून घेतली. त्या इचारतात, "पोरा, नवस हाय का काय?" मी म्हटलं, व्हय. धुतो, वाळवतो, चाळतो, परत धुतो. मधी दोनदा उठून जाणार हुतो, एकदा तर औरवाडच्या पुलापर्यंत गेलो, तिथं एक माणूस म्हशीला आंघोळ घालत हुता, त्याच्याशी बोलत बसलो. पण परत आलो. एकबी शिंपला न्हाय हिच्यात. डोळ्याला लावून बघितलीया.

पिशवी एसटीनं पाठवलीया, तुझ्या चाचणीला घे. आण्णांना माझी हाय म्हणून सांगू नकोस. त्यांच्या हातात दे आणि नुसती बघ, ह्या वेळी मूठ दाबत्यात का. माझं नाव न घेता काय म्हणत्यात ते मला लिही. खरं लिही.

राजू

•

गडमुडशिंगी
१७ नोव्हेंबर २०२५

राजू,

आधी चाचणीचं. झाली, पास झाले. कंपनीच्या वाळूवर. बाहेरची वाळू तपासल्याशिवाय लाइनवर घ्यायची नाही हा नवा नियम आहे, आणि तो मीच सरांना सुचवलाय. कुणामुळं ते तुला माहीत आहे.

आता वाळूचं. दारात आण्णा बसले होते. मी पिशवी पुढं ठेवली, म्हटलं, नमुना आलाय, बघा जरा. त्यांनी किंचित पाणी मारलं, मातीची चिमूट कालवली. मूठ दाबली. होय राजू, दाबली. उघडली. बोटांच्या खुणा बघितल्या. मोडली. मग परत एक मूठ घेतली, तीही मोडली. काकी आतनं म्हणाली, "जेवायला येताय का वाळूच खाताय?"

मग म्हणाले, "नदीची हाय. पर धुणाऱ्यानं जीव ओतलाय. आसं धुवायला बूड टेकून बसावं लागतंय." आणि विचार करून म्हणाले, "कृष्णातचं काम असंल. पोरगं घामटं हाय, पर चिकाटीचं हाय."

मी तुझं नाव सांगितलं नाही. तूच म्हणाला होतास, नाव सांगू नको. आणि खरं लिही म्हणालास, म्हणून लिहिलं. हसू आलं का, रडू आलं, ते मला सांगू नकोस. मला दोन्ही आलं.

कृष्णात परवा घरी आला होता. आण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. का मारली ते त्याला कळलं नाही, पण तो खूश होऊन दोन भाकरी जास्त खाऊन गेला. माझ्या तव्यावरच्या.

वाळू डब्यात भरून ठेवलीय. ती मी वापरणार नाही आणि ती कृष्णातची नाही हे सांगणारही नाही. ज्याची आहे त्यानं येऊन सांगावं. दारात, आण्णांच्या समोर, मूठ दाबून.

आणि खुंटीवर आता माझा एप्रन असतो. तुझा तवा काढलेला नाही, त्याच्यावरनंच अडकवते. काढायचा असेल तर ये आणि काढ. हळू काढ.

मोना